गुहेच्या तोंडाशी एलीया: इब्री शास्त्रातला देव शांततेत नेमकं काय सांगतो?

सांजवात

"शांत बसा, देव आपोआप बोलेल" असं सांगताना इब्री शास्त्रातल्या (म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या) १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय हमखास पुढे केला जातो. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतर तो मंद, सौम्य आवाज. प्रवचनं बहुतेक तिथेच थांबतात. त्या आवाजानंतर काय झालं, याबद्दल मला बोलायचं आहे. म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ इ.स.पू. नववं शतक. इस्राएलच्या उत्तर राज्यावर अहाब राजा, त्याची राणी सीदोनची ईजबेल, आणि बआल या कनानी दैवताच्या पूजेला थेट राजाश्रय. मोठ्या दुष्काळाच्या शेवटी एलीया कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान देतो. आकाशातून अग्नी पडतो, लोक पालथे पडतात, पाऊसही येतो. एवढा विजय झाल्यावर ईजबेलीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. आणि हा एलीया पळतो. बैर-शेबात गड्याला मागे ठेवतो, एकटा अरण्यात दिवसभर चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे.

तिथून ४० दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचतो. गुहेत देव विचारतो, "एलीया, तू इथे काय करतोस?" तो सांगतो: मी तुझ्यासाठी जिवाचं रान केलं, लोकांनी करार मोडला, वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले, मी एकटाच उरलोय आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. मग वारा, भूकंप, अग्नी, आणि तो आवाज. एलीया झग्याने तोंड झाकून गुहेच्या तोंडाशी उभा राहतो. देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो. एलीया पुन्हा तेच उत्तर देतो, जवळजवळ शब्द न शब्द. वचन १० आणि १४ शेजारी ठेवून पाहा.

मला इथे दोन गोष्टी अडतात. एवढा अनुभव घेऊनही माणसाचं उत्तर बदललं नाही, ही पहिली. दुसरी, देव त्यावर त्याची समजूत घालत नाही. नावागावासकट कामं सांगतो: आल्या वाटेने परत जा, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अरण्याकडे. हजाएलला अरामाचा (सीरियाचा) राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलचा राजा म्हणून, आणि शाफाटाचा मुलगा अलीशा याला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून.

माझं म्हणणं असं की इब्री शास्त्रात शांततेत मिळणारं मार्गदर्शन मनाला बरं वाटावं म्हणून येतच नाही. ते माणसाला उठवतं आणि जिथून तो पळाला तिथे परत धाडतं. तुम्हाला काय वाटतं? असे आणखी कुठले प्रसंग आठवतात?

गव्हाचं_कणीस

शमुवेल! आमच्या नगर भागातल्या प्रत्येक संडे स्कूलच्या पोराला पाठ असलेली गोष्ट, पण अर्धीच पाठ असते.

१ शमुवेल ३. शिलोचं मंदिर, देवाचा दिवा अजून विझला नव्हता, म्हातारा एली याजक डोळ्यांनी अधू झालेला. सुरुवातीलाच लिहिलंय की त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. हाक येते, मुलगा धावत एलीकडे जातो: "मला बोलावलंत, हा मी आलो." असं तीनदा. तिसऱ्या वेळी एलीला उमगतं आणि तो सांगतो की आता हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे.

आम्हाला लहानपणी इथपर्यंतच शिकवलं, खाली प्रार्थनेला बसलेल्या मुलाचं चित्र. पण त्या रात्री देव शमुवेलला काय सांगतो? एलीच्या घराण्याचा न्याय! त्याची मुलं दुराचारी आणि याने त्यांना आवरलं नाही म्हणून. ज्या म्हाताऱ्याने आपल्याला वाढवलं, ज्याने आत्ताच ऐकायचं कसं ते शिकवलं, त्याच्याचविरुद्धचा निरोप त्या पोराच्या पदरात पडला. तो सकाळपर्यंत पडून राहिला, उठून मंदिराची दारं उघडली, आणि सांगायला भ्यायला. एलीने शपथ घालून काढून घेतलं.

तेव्हा सांजवात, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आणि एलीचंही मोठेपण पाहा, सगळं ऐकून म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो.

पायवाट

छान धागा. वाचतोय.

बीरशेवाची_आजी

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. जन्म रेवदंड्याजवळचा, आता कितीतरी वर्षं बीर शेवात. म्हणजे तुमचं ते बैर-शेबा, जिथे एलीयाने गड्याला ठेवलं, ते आमचं गाव! त्या झुडपाला इथे रोतेम म्हणतात. नेगेवच्या कोरड्या ओढ्यांतून खूप दिसतं, हिवाळा सरताना पांढऱ्या फुलांनी भरतं. पानं नावाला, काड्याच काड्या, त्यामुळे सावली अगदी विरळ. त्या सावलीत जो माणूस झोपतो तो किती थकला असेल, हे इथे राहिल्यावर कळतं.

एलियाहू हनाबी, म्हणजे हाच एलीया संदेष्टा, आमच्या घरातलाच. नवस त्याच्या नावाने, लग्नाआधी, बाळ झालं, नवीन घर घेतलं की मलिदा त्याच्या नावाने. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि सुका मेवा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. तिथून त्याचा अग्निरथ आकाशात गेला, चाकांच्या आणि घोड्यांच्या खुणा तिथे उमटल्या, असं आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. सुट्टीला भारतात गेलेली आमची मुलं आजही तिथे जाऊन येतात.

आता मुद्दा. आमच्या जुन्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) हा अध्याय फार कडक वाचलाय. ते म्हणतात, एलियाहूने बापाचा मान राखला, पण लेकरांचा राखला नाही. बाप म्हणजे देव, लेकरं म्हणजे इस्राएल. देवाने विचारलं, इथे काय करतोस, तेव्हा त्याने आपल्याच लोकांविरुद्ध फिर्याद केली. देवाने सगळं दाखवलं, पुन्हा संधी दिली, त्याने पुन्हा तीच फिर्याद केली. म्हणून देव म्हणाला, अलीशाला तुझ्या *जागी* अभिषेक कर. त्याला कामातून मोकळं केलं! आणि परंपरा सांगते की "लोकांनी करार मोडला" म्हणालास ना, मग आता प्रत्येक सुंतेच्या विधीला तू हजर राहा आणि करार पाळला जातोय ते डोळ्यांनी बघ. म्हणून आमच्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही कोकणात मशीदच म्हणायचो) सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची ठेवतात.

म्हणून त्या शांत आवाजात मला मायाही ऐकू येते आणि कानउघाडणीही.

पायवाट

आजी, खंडाळा म्हणजे लोणावळ्याचं ना?

बीरशेवाची_आजी

नाही रे बाळा. अलिबाग तालुक्यातलं खंडाळे. घाटातलं नाही.

खडा_सवाल

श्रद्धेची टर उडवायला आलेलो नाही, मनापासून विचारतो. मी नास्तिकतेकडे झुकलेला आहे, पण हे ग्रंथ आवडीने वाचतो.

वारा आणि भूकंप सगळ्यांना दिसतो. आतला मंद आवाज ज्याचा त्यालाच ऐकू येतो. मग तो देवाचा की स्वतःच्या मनाचा, की भीतीचा, की इच्छेचा, हे ठरवायचं कसं? "मला देवाने सांगितलं" म्हणून लोकांनी घरं मोडल्याची, पैसे उधळल्याची उदाहरणं माझ्या नात्यातच आहेत. ग्रंथात यावर काही कसोटी आहे का, की ज्याला ऐकू आलं त्याचं खरं?

शिलेदार_मास्तर

खडा_सवाल, हा प्रश्न ग्रंथालाच पडलेला आहे आणि त्याने तो फार धीटपणे मांडलाय. ईयोबाचा चौथा अध्याय काढा.

ईयोबाचं सगळं गेलंय, मुलं, गुरंढोरं, आरोग्य. भेटायला आलेला मित्र अलीफज त्याला सांगतो की मध्यरात्री, माणसं गाढ झोपेत असताना, माझ्याकडे चोरपावलांनी एक शब्द आला. अंगावर काटा उभा राहिला, समोर एक आकृती, निःशब्दता आणि मग एक आवाज. सगळं वातावरण एलीयाच्या गुहेसारखंच. त्या आवाजाचं सार असं की देवापुढे मर्त्य माणूस निर्दोष कसा ठरेल? या भांडवलावर अलीफज पुढे ईयोबाला पापी ठरवत जातो.

आणि शेवटी, ४२:७ मध्ये, देव अलीफजालाच म्हणतो की माझा क्रोध तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बोलला तसं तुम्ही यथार्थ बोलला नाहीत.

आता त्याच पुस्तकात देव ईयोबाशी कुठून बोलतो? वावटळीतून (३८:१). म्हणजे मध्यरात्रीच्या शांततेत ज्याने ऐकलं तो चुकीचा ठरला आणि ज्याला वादळात उत्तर मिळालं तो खरा ठरला. शांतता ही खरेपणाची पावती आहे असं इब्री शास्त्र मानतच नाही. सीनाय डोंगरावर गडगडाट आणि धूर होता, यहेज्केलाला दर्शन झालं तेही तुफानी वाऱ्यात.

कसोट्या म्हणाल तर आहेत. अनुवाद या पुस्तकाचा १८वा अध्याय: संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलं आणि ते घडलं नाही, तर ते परमेश्वराचं नव्हे. अनुवाद १३ त्याच्याही पुढे जातं: सांगितलेलं चिन्ह खरं झालं तरी तो माणूस तुम्हाला दुसऱ्या देवांच्या मागे नेत असेल तर ऐकू नका. यिर्मयाच्या २३व्या अध्यायात "मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं" म्हणणाऱ्या संदेष्ट्यांवर अख्खा हल्ला आहे.

मला सगळ्यात आवडतो तो यिर्मया ४२. यरुशलेम पडलंय, उरलेली माणसं घाबरून मिसरात (इजिप्तमध्ये) पळू पाहतायत. ती यिर्मयाला म्हणतात, देवाला विचार, बरं सांगो की वाईट, आम्ही पाळू. यिर्मया लगेच तोंड उघडत नाही. वचन यायला दहा दिवस लागतात. नगर बेचिराख झालेलं, लोक दाराशी उभे, आणि तो दहा दिवस थांबतो! त्या परिस्थितीत काय उत्तर द्यायचं हे कुणालाही स्वतःच्या मनाने सुचलं असतं. त्याने ते देवाच्या नावावर खपवलं नाही.

कोजागरी

आणि दहा दिवसांनी त्याने "इथेच राहा" सांगितल्यावर त्यांनी त्याला खोटा ठरवलं, मिसरात गेलेच, वर यिर्मयालाही सोबत घेऊन गेले! विचारायच्या आधीच गाठोडी बांधून झाली होती मंडळींची. :)

सांजवात

मास्तर, अलीफजाचं हे मी या प्रश्नाच्या संदर्भात कधी वाचलंच नव्हतं. मग प्रश्न थोडा बदलून मांडते. शांतता खात्री देत नाही. तरी लेखक ती मुद्दाम दाखवतात. होरेबवर तर तीन वेळा "परमेश्वर त्यात नव्हता" असं सांगून मग तिथे आणतात. कशासाठी?

गव्हाचं_कणीस

कर्मेलवर अग्नी पडला होता म्हणून. तिथे अग्नीने काम झालं, एलीयाला वाटलं आता देश बदलेल, आणि दुसऱ्या टोकाला ईजबेल जागची हलली नाही. होरेबवर देव त्याला दाखवतोय की अग्नी माझा असला तरी मी अग्नीपुरता नाही.

अबोली_परळ

मला वाटतं आपण "आवाज" या गोष्टीत अडकलोय. इब्री शास्त्रातलं माझ्या मते सगळ्यात सुंदर मार्गदर्शन बिनआवाजाचं आहे.

उत्पत्ती २४. अब्राहामाने आपल्या म्हाताऱ्या सेवकाला इसहाकासाठी मुलगी बघायला पाठवलंय. तो संध्याकाळी, बायका पाणी भरायला येतात त्या वेळी, नगराबाहेरच्या विहिरीपाशी उंट बसवतो आणि प्रार्थना करतो: जिला मी प्यायला पाणी मागेन आणि जी म्हणेल की "प्या, तुमच्या उंटांनाही पाजते", तीच तू नेमलेली असो. देव एक शब्द बोलत नाही. प्रार्थना संपायच्या आधी रिबका घागर घेऊन येते.

त्याने मागितलेली खूण काय होती ते बघा. दहा उंट! तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो. एका अनोळखी प्रवाशासाठी कोण विहिरीत उतरून चढून एवढं पाणी ओढेल? म्हणजे त्याने नाणं उडवून कौल मागितलेला नाही, स्वभावाची परीक्षा लावली. आणि रिबका धावत धावत पाणी भरत असताना (मुळात घाई करणं दोनदा आलंय) हा माणूस काय करतो? २१वं वचन सांगतं: तो तिच्याकडे टक लावून गप्प उभा राहतो, देवाने आपला प्रवास सफळ केला की नाही हे समजून घेण्यासाठी. खूण जुळायला लागली तरी लगेच "हालेलूया" नाही. पाणी भरून होईपर्यंत थांबतो. घराणं विचारतो. मग मस्तक लववतो.

दुसरं एस्तेर. अख्ख्या इब्री पुस्तकात देवाचं नाव नाही. सगळं कशावर फिरतं? "त्या रात्री राजाला झोप येईना" (६:१). जागा राहिला म्हणून इतिहासाची वही वाचून घेतली, मर्दखय नावाच्या यहुद्याने आपला जीव वाचवला होता हे कळलं, आणि सकाळी त्याच मर्दखयाला फाशी द्यायची परवानगी मागायला आलेला दरबारी हामान त्याच मर्दखयाची मिरवणूक काढायला लागला. राजाला आवाज ऐकू आला नाही, त्याला देव माहीतही नाही. फक्त झोप नाही.

बीरशेवाची_आजी

पुरीमच्या सणाला मगिल्ला (एस्तेरचं पुस्तक) वाचताना त्या "झोप येईना" ओळीला वाचणारा सूर बदलतो. खूप जणांची ही चाल आहे. मुलांना तेव्हा सांगते, आता लक्ष द्या, इथून उलटणार!

अभंगवेडा

तुकोबांचा एकांत आणि दावीदाच्या स्तोत्रांतला एकांत यावर कुणी लिहील का?

कोजागरी

दादा, वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो. इथे एलीया अजून गुहेतच उभा आहे.

खिंडीतला_वारा

मी एका बाबतीत सांजवात यांच्याही पुढे जाईन. "शांत राहा आणि जाणा की मी देव आहे", स्तोत्र ४६. मगवर, कॅलेंडरवर, तळ्याच्या फोटोवर छापतात. त्याच्या आधीचं वचन वाचा: तो धनुष्य मोडतो, भाले तोडतो, रथ जाळतो. राष्ट्रं खवळलीत, राज्यं डळमळलीत. त्या गदारोळात, हातातली शस्त्रं खाली टाका, असा तो हुकूम आहे.

यशयाही तसाच. ७व्या अध्यायात राजा आहाज वरच्या तळ्याच्या पाटापाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर उभा आहे. अराम आणि उत्तरेचं इस्राएल मिळून यरुशलेमवर चालून येतायत, साल इ.स.पू. ७३५च्या आसपास. राजा बहुधा वेढ्याआधी पाण्याची व्यवस्था बघत असावा. यशया आपल्या मुलाला घेऊन तिथे जातो आणि सांगतो, सावध राहा, शांत राहा, भिऊ नको, ही धुमसणारी दोन कोलितं आहेत. आहाज ऐकत नाही, अश्शूरच्या (असिरियाच्या) राजाला सोनं-चांदी पाठवून बोलावतो आणि पुढे देश अश्शूरचा मांडलिक होऊन बसतो. तीस-एक वर्षांनी ३०व्या अध्यायात पुन्हा तेच: शांत राहण्यात आणि भरवशात तुमचं बळ आहे. लोक म्हणतात, नाही, आम्ही घोड्यांवरून पळू. मिसराचे घोडे.

ही शांतता राजकारणातली आहे. भीतीपोटी चुकीच्या बलाढ्य माणसाच्या दाराशी जाऊ नका, हे तिचं मार्गदर्शन. एकट्याने डोळे मिटून बसण्याशी तिचा संबंध फार थोडा.

अबोली_परळ

खिंडीतला_वारा, थोडा कमी आहे असं म्हणा, नाही असं नको. स्तोत्र ४ मध्ये अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी बोला आणि स्तब्ध राहा, असं आहेच. स्तोत्र १६ मध्ये रात्रीच्या वेळी माझं अंतर्याम मला शिकवतं. आणि स्तोत्र ६२ मध्ये माझा जीव देवापुढे निवांत आहे. ही घरातली, रात्रीची, एकट्याचीच वचनं आहेत.

खिंडीतला_वारा

मान्य. स्तोत्र ६२ मध्येही शत्रू पडक्या भिंतीसारखं ढकलायला बघतायत हे मात्र विसरू नका.

चाफा_नि_चहा

मी नर्स आहे, रात्रपाळी असते. वॉर्ड झोपल्यावर मोबाईलवर थोडं वाचते. नोकरी सोडून निघून जायचा विचार पक्का केला होता तेव्हा उत्पत्ती १६ वाचनात आलं, हागारचं.

अब्राहामाच्या बायकोची, सारायची दासी, अब्राहामापासून गरोदर, मालकिणीच्या छळाला कंटाळून शूरच्या वाटेवर अरण्यात झऱ्यापाशी बसलेली. देवदूत विचारतो, "सारायच्या दासी हागारे, तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस?" ती सांगते, मी मालकिणीपासून पळून चाललेय. म्हणजे "कुठून"चं उत्तर दिलं. "कुठे"चं दिलंच नाही. तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या प्रश्नावर मी अडकले आणि राजीनामा द्यायच्या आधी दुसरीकडची जागा शोधली. आता तिथेच आहे, बरी आहे.

एलीयालाही प्रश्नच विचारलाय ना? देव शांततेत आधी प्रश्न विचारतो असं मला वाटतं.

तिठा

चाफा, तुमचं वाचून बरं वाटलं. पण याच अध्यायावर मला कडवट बोलायचं आहे आणि मला ते बोललंच पाहिजे.

मी कौटुंबिक समुपदेशनात काम करते. हागारला देवदूत पुढे म्हणतो, मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. मार खाऊन आलेल्या बायकांना हे वचन दाखवून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. "देवच म्हणाला परत जा." सांजवात, तुमचं "पळाला तिथे परत धाडतो" हे वाक्य वाचताना माझ्या पोटात गोळा आला. एलीयाला परत पाठवणं आणि हागारला परत पाठवणं एक नाही. तो संदेष्टा होता, ती कुणाची तरी मालमत्ता होती.

म्हणून २१वा अध्याय सोबत वाचलाच पाहिजे. तिथे तिला मुलासकट हाकलून दिलंय. बैर-शेबाच्या अरण्यात पाण्याची मसक संपली, तिने मुलाला झुडपाखाली टाकलं आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन रडत बसली, मरताना बघवेना म्हणून. देव मुलाचा आवाज ऐकतो. पुन्हा प्रश्न येतो: "हागारे, तुला काय झालं?" पण या वेळी परत जा नाही. मुलाला उठव, हाताशी धर. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला पाण्याची विहीर दिसते. तिथून ती पुढे जाते, मुलगा अरण्यात धनुर्धर होतो, ती त्याला मिसरातली बायको करून देते. परत कधीच नाही.

सांजवात

तिठा, तुमचं खरं आहे. "परत धाडतं" हा नियम करता येणार नाही. एकाच बाईला पहिल्यांदा परत जा आणि दुसऱ्यांदा पुढे जा सांगितलंय. मार्गदर्शन ज्या त्या क्षणाचं आणि ज्या त्या माणसाचं असतं. एका माणसाला मिळालेलं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर मारणं हाच मोठा गुन्हा, आणि अलीफजाने तेच केलं.

चाफा_नि_चहा

तिठाताई, २१वा अध्याय मी आज रात्री वाचणार.

दिवेलागण_८८

मी फारसं लिहीत नाही इथे. घरात एक मोठं आजारपण झालं, शेवटी माणूस गेलं. खूप शांत बसले. काही ऐकू आलं नाही. शौल राजाचं वचन तेवढं आठवायचं, १ शमुवेल २८, परमेश्वराने त्याला स्वप्नांनी, उरीमाने (याजकाच्या कौलाने), संदेष्ट्यांनी, कशानेच उत्तर दिलं नाही. मग वाटायचं की शौलाने पाप केलं होतं, मी काय केलं?

बीरशेवाची_आजी

पोरी, काही केलं नाहीस तू. स्तोत्र ८८ वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटच्या ओळीतही उजेड नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय, कुणी काढलं नाही. ईयोबालाही पस्तीस-छत्तीस अध्याय उत्तर नव्हतं. न ऐकू येणं म्हणजे शौलच होणं नाही. आमच्याकडे शोकाच्या घरी गेलेला माणूस आधी गप्प बसतो, शोक करणारा बोलेपर्यंत बोलत नाही. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस तसे जमिनीवर बसले होते. तोवर ते बरोबर होते.

मला निरोप पाठव. रात्री इथे उशिरापर्यंत जागी असते.

शिलेदार_मास्तर

आजींच्या पुढे मी काही लिहिणार नव्हतो. पण त्यांच्या आधीच्या प्रतिसादावरून सांजवात यांच्या मूळ प्रश्नाकडे यायचं आहे: एलीयात काय बदललं?

"मी एकटाच उरलोय." हे तो होरेबवर दोनदा म्हणतो. आता एक अध्याय मागे या. १८:४ मध्ये अहाबाचा कारभारी ओबद्या, ईजबेल संदेष्ट्यांची कत्तल करत असताना १०० संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहेत लपवतो, अन्नपाणी पुरवतो. आणि १८:१३ मध्ये तो हे एलीयाला स्वतः सांगतो! एलीयाला ठाऊक होतं. तरी गुहेत बसल्यावर त्याला ते आठवत नाही. गुहांमध्ये लपलेले शंभर जण, आणि हा दुसऱ्या गुहेत बसून म्हणतो मी एकटा.

देव त्याच्याशी वाद घालत नाही. आधी तर झुडपाखाली त्याला दोनदा जेवू घातलं, झोपू दिलं, कारण वाट तुला झेपायची नाही म्हणाला. गुहेतल्या बोलण्यात शेवटी सांगतो की बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० मी इस्राएलात राखलेत. आणि त्या तीन कामांपैकी एलीया पहिलं कोणतं करतो? यादीतलं शेवटचं. थेट जाऊन बारा जोत लावून नांगरणाऱ्या अलीशावर आपला झगा टाकतो. हजाएल आणि येहू तो करतच नाही, ते पुढे अलीशाच्या काळात होतं (२ राजे ८ आणि ९).

रब्बी म्हणतात त्याप्रमाणे याला काढून टाकणं म्हणा. मी त्याला सोबत देणं म्हणतो. बैर-शेबात गड्याला मागे ठेवून एकटा निघालेला हा माणूस, २ राजे २ मध्ये अलीशाला तीनदा सांगतो "तू इथेच थांब", आणि अलीशा तीनदा म्हणतो, मी तुम्हाला सोडणार नाही.

बीरशेवाची_आजी

मास्तर, दोन्ही एकत्र नांदू शकतात. आमच्याकडे एका वचनाला एकच अर्थ असावा असा आग्रह नसतो.

खडा_सवाल

ओबद्याचा मुद्दा मी दोनदा उघडून पाहिला, खरंच लिहिलंय. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे बरंचसं मिळालं. शमुवेलला ओळखायला एली लागला. एलीयाच्या हिशेबातली चूक देवाने माणसं मोजून दाखवली. सेवकाने खूण जुळूनही घराणं विचारलं. म्हणजे एकट्याच्या कानावर सगळं सोपवलेलं नाही. देव मानणं न मानणं बाजूला ठेवलं तरी ही रीत मला पटते.

पण हागारला कोण होतं? तिला ना एली, ना अलीशा, ना सात हजार.

तिठा

कुणी नव्हतं. म्हणूनच कदाचित तीच देवाला नाव देते: मला पाहणारा देव. त्या झऱ्याला बैर-लहाय-रोई नाव पडतं.

आणि आता उत्पत्ती २४चा शेवट काढा. अबोली यांनी सांगितलेला तो सेवक रिबकेला घेऊन परत येतोय. संध्याकाळी इसहाक मनन करायला शेतात गेलाय, वर बघतो तर उंट येताना दिसतात. इसहाकाचं ते मनन शांततेच्या प्रवचनांत नेहमी येतं. त्याच्या एकच वचन आधी, ६२मध्ये, तो कुठून आला होता ते लिहिलंय: बैर-लहाय-रोईकडून. ज्या बाईला त्याच्या आईने हाकललं तिच्या विहिरीवरून. अब्राहामाच्या मृत्यूनंतर (२५:११) तो तिथेच राहायला जातो, आणि त्याआधी दोघं भाऊ, इसहाक आणि इश्माएल, मिळून बापाला मूठमाती देतात.

तो त्या विहिरीवर कशाला गेला होता, हे ग्रंथ सांगत नाही. मला विचाराल तर भावाला शोधायला.

सांजवात

तिठा, हागारवर वेगळा धागा काढता का? नाहीतर मी काढते, पहिला प्रतिसाद तुमचा हवा. दिवेलागण, तुम्हीही या.